आंधळ्या घळीच्या तोंडाशी

१

कुतैबा सापडला तेव्हा नुकतं उजाडत होतं. हमामा डोंगराच्या कुशीत एक घळ आहे. वरून पाहणाऱ्याला ती जिन्यासारखी सोपी वाटते आणि पुढे वळणापलीकडे एकदम हवेत संपते. खालच्या रम खोऱ्यातले लोक तिला आंधळी घळ म्हणतात. तिच्या कड्याखाली, तांबड्या घसाऱ्यावर करक शहरातून डोंगर चढायला आलेला तो तरणाबांड पोरगा पालथा पडला होता. डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा हललं नव्हतं. मुतलकनं त्याच्या मानेला बोटं लावली, पण ती रीत म्हणून. काय झालंय ते त्याला लांबूनच कळलं होतं.

"अबू हायेल, स्ट्रेचर सोडू का?" वरच्या कपारीतून दोर धरून उभ्या असलेल्यानं विचारलं.

"सोड. आणि चादर दे. आता घाई नको."

खोऱ्यात कुणी डोंगरावर अडकला, पडला, की मुतलकला बोलावणं जायचं. दोर, स्ट्रेचर आणि आठ-दहा धडधाकट माणसं एवढीच त्याची फौज. सगळे त्याला अबू हायेल म्हणत, म्हणजे हायेलचा बाप. तिकडे थोरल्या मुलाच्या नावानंच बापाला हाक मारतात. हायेल जाऊन तीन हिवाळे झाले, पण नाव काही बापाला सोडत नव्हतं. हाक मारणाऱ्याच्या मनात काही नसतं, तरी ऐकणाऱ्याच्या काळजात कळ उठायची ती उठतेच.

पायथ्याशी जीपच्या चाकाला टेकून सुवैलिम बसला होता. कुतैबाला वर नेणारा वाटाड्या तोच. पूर्वेच्या कड्यावरून दोरानं चढायचं आणि मागच्या पायवाटेनं उतरायचं, असा त्यांचा बेत होता. रात्रभर हाका मारून मारून त्याचा घसा बसला होता.

"काका, माथ्यावर दोर अडकला. तो म्हणाला, अंधार पडायच्या आत मी उतरायला लागतो. मी म्हटलं, जा, पण रुजूम दिसेल तिथंच पाय टाक. दगडावर दगड रचलेले दिसले की ती वाट. नसतील तिथं एक पाऊल टाकायचं नाही, मी येईपर्यंत बसून राहायचं."

"मग?"

"मग काय! दोर सोडवून मी खाली आलो, तर हा कुठंच नाही."

"उतरताना रुजूम पाहिलेस तू?"

"मी कशाला बघू, काका? अंधार होता, आणि ती वाट माझ्या पायांना पाठ आहे."

तेवढ्यात शोधायला पायवाटेनं वर गेलेला एकजण धापा टाकत खाली आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अबू हायेल, वाटेवर एकही रुजूम नाही. पायथ्यापासून पार वर टांगफाडीच्या फटीपर्यंत कुणीतरी सगळे काढून टाकलेत."

२

दुपारी करकची माणसं आली. कुतैबाचा चुलता गाडीतून उतरला तो थेट सुवैलिमच्या अंगावरच गेला. चौघांनी धरला म्हणून बरं.

"पाहुण्याला डोंगरावर एकटं सोडतोस? आणि वर दगड गायब! आम्हाला काय दूधखुळे समजलास?"

पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली आणि गेले. पण तेवढ्यानं करकचं मन भरणार नव्हतं आणि रमचंही नाही. रक्ताचा मामला तिथं अजून माणसं बसून मिटवतात. रमच्या शेखनं पागोट्याला हात लावून तीन दिवसांची मुदत मागून घेतली. तोवर कुणी कुणावर हात उचलायचा नाही. चौथ्या दिवशी करकला, कुतैबाच्या घरी बैठक बसायची. दोष सुवैलिमचा ठरला तर त्याचं सगळं घर खोरं सोडून जाणार. त्याची विधवा आई, दोन बहिणी, जनावरं, सगळं. मेलेल्याचं घर 'या' म्हणेपर्यंत परत यायचं नाही. काहींना ते 'या' ऐकायला पंधरा-पंधरा वर्षं लागली आहेत, आणि काही म्हातारी माणसं त्याआधीच परक्या मातीत गेली.

खरं काय ते कोण शोधणार यावर मात्र वाद झाला नाही.

"अबू हायेल सांगेल ते आम्हाला मान्य," कुतैबाचा चुलता म्हणाला. "त्याचं पोर ह्याच डोंगरानं खाल्लंय. तो खोटं बोलणार नाही."

सुवैलिमच्या आईनं सगळ्यांदेखत मुतलकचा हात धरला. "भाऊ, माझं पोर वेंधळं असेल, पापी नाही. मला ह्या वयात कुठं घालवू नकोस रे."

मुतलक घरी आला तेव्हा त्याची बायको फिद्दा बकऱ्या आत घेत होती. तिनं त्याच्यापुढे भाकरी आणि ताक ठेवलं. कुठून आलास, काय झालं, काही नाही. हमामाचं नाव त्या घरात निघत नसे. हायेल गेल्यापासून मुतलकनं डोंगराचा एक शब्द घरात काढला नव्हता आणि तिनं विचारला नव्हता.

त्या दिवशी मात्र तिनं विचारलं. "त्या पोराची आई आहे का?"

"आहे."

ती उठून परत बकऱ्यांकडे गेली. तिची भाकरी तशीच राहिली. मुतलकला वाटलं, हायेल आठवला असेल. तेही खोटं नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच पायवाटेनं वर निघाला.

पहिल्याच जागी तो थबकला. लाथेनं उडवलेली रास कशी दिसते ते कुणीही सांगेल. दगड उताराला पळतात, दोन-चार फुटतात, बाकीचे कुठल्या कुठे जातात. इथं तसं काही नव्हतं. प्रत्येक दगड उचलून बाजूला निजवलेला होता, उन्हानं काळी पडलेली बाजू वर करून. एकसुद्धा दगड खाली लोटलेला नव्हता. खाली कुणी असेल, एखादं जनावर असेल, त्याला लागेल, एवढी काळजी घेतलेली. पुढच्या जागी तेच आणि त्याच्याही पुढं तेच.

'इतक्या निगुतीनं कुणी पाप करतं का?' मुतलक स्वतःशीच म्हणाला.

आणखी एक गोष्ट त्यानं टिपली. खालच्या दगडांवर वाऱ्यानं आणलेल्या वाळूचा पातळ थर बसला होता. वर जावं तसा तो विरळ होत गेला होता. म्हणजे काम एका दिवसाचं नव्हतं. रोज थोडं थोडं, खालून वर, असं कुणीतरी करत गेलं होतं.

दोन तासांच्या चढानंतर सपाट कातळाची ओसरी लागली. इथं वाटेला फाटा फुटतो. उतरणाऱ्याच्या डावीकडून खरी वाट वर येते, तिच्या तोंडाशी मोठा रुजूम असायचा. त्याचेही दगड ओळीनं निजवलेले होते. उजवीकडे आंधळी घळ. तिकडे मुतलकनं मान वळवली नाही. हायेल तिथंच गेला होता. पावसानं सैल झालेला कातळ त्याच्या हातात आला आणि घळीच्या तोंडाशीच त्याचं डोकं आपटलं. बापानं स्वतः त्याला दोरानं खाली आणलं, बरोबर सुवैलिम होता. चाळिसाव्या दिवशी फिद्दानं हट्ट धरला, तेव्हा तो तिलाही इथवर घेऊन आला आणि दोघांनी मिळून त्या जागेवर दगड रचले. मरणाच्या जागी रास रचायची चाल जुनीच आहे. त्या दिवसापासून उतरताना ओसरीवर आलं की मुतलकची मान आपसूक डावीकडेच जायची.

ओसरीच्या वर टांगफाडी. दीड पुरुष उंचीची ती उभी फट. एक पाय ह्या भिंतीला, दुसरा त्या भिंतीला, असा फाकूनच तिथून चढता येतं, म्हणून हे नाव. मुतलक चढला. वरचा पहिला रुजूम जागेवर होता. दुसराही होता. थेट माथ्यापर्यंत सगळे जसेच्या तसे उभे.

काढणारा टांगफाडीशी थांबला होता. का?

आणि दुसरा प्रश्न तर त्याहून अवघड होता. सुवैलिमनं बजावून सांगितलं होतं, रुजूम नसेल तिथं बसून राहा. कुतैबा काही उनाड नव्हता, सांगितलेलं ऐकणारा पोरगा होता. खालचे रुजूम नव्हते, तर तो ओसरीवर बसून का राहिला नाही?

४

खोऱ्यातल्या राखीव पार्कच्या नाक्यावरचा पहारेकरी नश्मी म्हणजे दीड माणसाच्या वजनाचा माणूस. मुतलकला पाहताच त्यानं चहाचं भांडं चुलीवर ठेवलं.

"माझ्यावर संशय घ्यायला आलास ना? आधी ही कंबर बघ आणि मग बोल."

"रुजूम सगळे उधळून टाकले पाहिजेत, असं तू सगळ्यांना सांगत फिरायचास."

"फिरायचो आणि फिरणार! फोटो काढायला येतात आणि दिसेल तिथं दगड रचून जातात. माझ्या ओढ्याची पार रया गेली. मागच्या महिन्यात पाच-सहा उडवले मी. पण कसे? लाथेनं! वाकलो असतो तर मला उठवायला तुझं स्ट्रेचर मागवावं लागलं असतं."

दोन दिवसांत पहिल्यांदा मुतलकच्या ओठांवर जरासं हसू आलं.

"हमामाकडे कुणी जाता-येताना दिसलं?"

"सुवैलिमची जीप सोडली तर गाडी नाही, दोरवाला नाही, चिटपाखरू नाही. पायथ्याला बकऱ्या चरत होत्या, त्या काय रोजच्याच." एवढं बोलून नश्मी एकाएकी गप्प झाला आणि साखर जास्त पडली म्हणून चहाला शिव्या देऊ लागला.

अतीक आपल्या छावणीत तंबूची दोरी ताणत होता. वाटाड्यांमध्ये सगळ्यांत जुना आणि तोंडानं सगळ्यांत फाटका.

"आलास एकदाचा! सगळं खोरं माझंच नाव घेतंय."

"तू बोलतोस तसं, म्हणून घेतंय. 'दगडच वाट दाखवायला लागले तर वाटाड्यांनी काय बकऱ्या हाकायच्या?' कुणाचे शब्द हे?"

"माझेच. उचलली जीभ लावली टाळ्याला. बायको रोज त्यावरून उद्धार करते." अतीकनं दोरी खाली टाकली. त्याचा आवाज बदलला. "पण ऐक, अबू हायेल. पूर्वेच्या कड्यावरची दोराची वाट गेल्या वसंतात सुवैलिमनं आणि मीच काढली. वर गेलेली माणसं उतरतात कुठून? ह्याच पायवाटेनं. माझी गिऱ्हाइकंसुद्धा त्याच रुजूमांच्या भरवशावर उतरतात. मी त्यांच्या पायाखालची शिडी काढीन?"

"नाही काढणार."

"आणि काढायचेच असते तर टांगफाडीवरचा पहिला काढला असता. तो पार रस्त्यावरून दिसतो. टांगफाडी मला घराच्या उंबऱ्यासारखी. तिथं येऊन अडेल तो चढणारा नव्हेच."

मुतलकनं पडलेली दोरी उचलून त्याच्या हातात दिली.

"ही दोराची वाट कुणाकुणाला माहीत आहे?"

"दोरावर चढणाऱ्या सगळ्यांना."

"आणि न चढणाऱ्यांना?"

"त्यांना काय घेणं तिच्याशी? त्यांच्या लेखी हमामावर जायची वाट एकच आणि यायचीही तीच. आजोबा-पणजोबा रानबकऱ्यांच्या मागं जायचे ती."

मुतलक तिथून निघाला तेव्हा त्याचं डोकं भणभणत होतं. दगड काढणाऱ्यानं खालून सुरुवात केली होती. त्याला वाटत होतं की खालची वाट पुसली की झालं, कुणी वर जाणारच नाही. पलीकडून दोरानं चढून कुणी ह्या बाजूला उतरेल, हे त्याच्या गावीही नव्हतं. म्हणजे त्याला कुणालाच मारायचं नव्हतं. उलट, कुणी मरू नये असंच त्याला वाटत होतं.

असं ह्या खोऱ्यात कुणाला वाटत असेल, एवढाच प्रश्न उरला. आणि त्याचं उत्तर त्याच्या मनाच्या उंबऱ्यावर येऊन उभं राहिलं, तरी तो दार उघडत नव्हता.

५

तिसऱ्या दिवशी तो सुवैलिमला घेऊन पूर्वेच्या कड्यानं वर गेला. ह्या वाटेनं तो प्रथमच चढत होता. दिवस कलताना, ज्या उजेडात कुतैबा उतरला त्याच उजेडात, ते माथ्यावरून खाली निघाले.

"तू माझ्या मागं राहा," मुतलक म्हणाला. "मी आता रमचा नाही. करकहून आलोय, आणि ही वाट मी जन्मात पाहिलेली नाही. मला फक्त एवढंच माहीत आहे की रुजूम दिसेल तिथं पाय टाकायचा."

एकामागून एक रुजूम दिसत गेले. माथ्यावरचा, मग दोन सुळक्यांमधला, मग टांगफाडीवरचा. तो टांगफाडी उतरला आणि ओसरीवर उभा राहिला. मान सवयीनं डावीकडे वळायला लागली. त्यानं ती रोखून धरली. करकच्या पोराला कसली आली सवय?

डावीकडे नुसता काळा कातळ. निजवलेले दगड त्या उजेडात कातळाचाच भाग वाटत होते. तिथं वाट आहे असं सांगून खरं वाटलं नसतं.

मग मुतलकनं, तीन वर्षांत पहिल्यांदाच, समोर उजवीकडे पाहिलं.

मावळतीचा तांबूस उजेड सरळ आंधळ्या घळीत पडला होता. घळीच्या तोंडाशी, हाकेच्या अंतरावर, दगडावर दगड रचलेले स्पष्ट दिसत होते. नीट, छातीएवढी रास. सगळ्या ओसरीवर तेवढी एकच खूण उरली होती. तिच्यामागं घळ अगदी जिन्यासारखी खाली उतरत होती.

कुतैबानं चूक केलीच नव्हती. त्याला सांगितलं तेच त्यानं केलं. रुजूम दिसला, तिथं पाय टाकला.

मुतलक तिथंच खाली बसला. बाकीचे सगळे रुजूम जागेवर असताना ह्या एकट्या राशीकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. डावीकडचा मोठा रुजूम हाका मारायचा, पुढचे त्याला साथ द्यायचे. ते गेले आणि हीच एकटी बोलावत राहिली. त्याच्या हातची. त्यानं, डोळ्यांतलं पाणी पुसत पुसत, कधी पडू नये म्हणून तळाला पाचरी मारून पक्की केलेली.

आता दार उघडावंच लागलं. काढणाऱ्यानं पायथ्यापासूनचे सगळे रुजूम काढले आणि हा एक ठेवला. दिसायला तर हाही इतरांसारखाच. परक्याला हा वेगळा कसा कळणार? नश्मीला कळला नसता, अतीकलाही नाही. ही रास कशाची आहे ते तीनच माणसांना ठाऊक होतं. एक तो स्वतः. दुसरा सुवैलिम, पण टांगफाडी त्याला अडवत नाही आणि पलीकडची वाट तर त्यानंच काढली. राहिलं तिसरं माणूस. बकऱ्यांच्या सवयीनं खाली दगड न लोटणारं. पायघोळ झग्यामुळे टांगफाडीत पाय फाकता न येणारं. रोज सकाळी पायथ्याला जाणारं. नश्मी चहाला शिव्या का देत होता तेही आता कळलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. फक्त हा कळसा सापडावा असं त्याला कधीच वाटलं नसतं.

मागं सुवैलिम उभा होता. त्यालाही सगळं कळलं होतं. तो येऊन शेजारी बसला.

"काका, उद्या काही बोलू नकोस. दोष माझा म्हण. मी त्याला एकट्याला सोडलं, हे खोटं थोडंच आहे? आम्ही जाऊ कुठंतरी."

"आणि तुझी आई?"

"आईला मी सांगेन. मी आणि हायेल तुझ्या घरी, उम्म हायेलच्या हातचं खाऊनच वाढलो. तिच्यावर हे मी येऊ देणार नाही."

मुतलकनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

६

चौथ्या दिवशी पहाटे फिद्दा धार काढत होती. मुतलक तिच्यासमोर उकिडवा बसला. काय बोलायचं ते त्यानं रात्रभर जुळवलं होतं. पुरानं नेले म्हणू. वाऱ्यानं पाडले म्हणू. ह्या डोंगरात काय, पूर येतातच. कोण विचारणार आहे?

"फिद्दा," तो म्हणाला.

"विचार ना." तिनं मान वर केली नाही. "तीन दिवस झाले, तू कधी विचारतोस म्हणून वाट बघतेय. माझ्या तोंडून निघत नव्हतं."

बकरी पाय झाडू लागली. फिद्दानं तिला थोपटलं.

"गावातली पोरं पैजा लावायला लागली होती रे. हायेल गेला त्या डोंगरावर चढून येणार म्हणे. मी पायथ्याला बसून ऐकायची. मला वाटलं, वाटच नको. वाट नसली तर कोण जाईल? पलीकडून दोरानं येतात हे मला कुणी सांगितलं? तू सांगितलंस?"

"नाही सांगितलं."

"तू घरात बोलतच नाहीस. मीही नाही बोलत." तिनं धारेचं भांडं बाजूला सारलं. "माझ्यासारखी आणखी एक आई होऊ नये म्हणून केलं. आणि झाली ती झालीच. माझ्याच हातानं झाली."

"तुझ्या एकटीच्या नाही." मुतलकला हे तिला सांगायचं नव्हतं. पण न सांगता सगळं तिच्या एकटीवर टाकून तो कसा उठणार होता? त्यानं सांगितलं, ओसरीवरून काल काय दिसलं ते. हायेलची रास त्या पोराला कशी दिसली असेल ते. "तू काढलेस त्यांनी त्याला पाडलं नाही. मी रचला त्यानं बोलावलं."

फिद्दानं तोंडावर ओढणी घेतली. बराच वेळ ती नुसती हलत राहिली. मग म्हणाली, "आपण रचला. तळाचे दगड मी दिले होते तुझ्या हातात."

"पुरानं नेले म्हणतो मी. सुवैलिमही सुटेल."

"आणि कुणी नाही म्हटलं तर? घर सुवैलिमच्या आईचं जाईल! हायेल गेला तेव्हा चाळीस दिवस माझी चूल तिनं पेटवली. मला घास भरवलेत तिनं." तिनं डोळे पुसले आणि उठली. "आणि त्या पोराच्या आईला रोज वाटत राहणार की आपलं लेकरू मूर्खासारखं कड्यावर गेलं. तू जे खरं असेल ते बोल. मी येते. बायकांच्या बाजूला बसेन."

"घर सोडावं लागेल, फिद्दा. हायेलची कबर इथं आहे."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि दुधावर झाकण ठेवायला गेली.

७

करकला कुतैबाच्या अंगणात तंबू होता. मध्ये लोकरी पडदा, पलीकडे बायका. इकडे शेख, कुतैबाचा बाप, चुलता, शंभरेक माणसं. मुतलकपुढे कॉफीचा छोटा पेला आला. त्यानं तो न पिता समोर जमिनीवर ठेवला. मागणं पुरं होईपर्यंत प्यायचं नसतं, हे तिथल्या लहान मुलालाही कळतं.

मुतलकनं काही लपवलं नाही. दगड कसे निजवलेले होते, टांगफाडीशी काम का थांबलं, एकच रास का उरली, ती कुणाची होती. "सुवैलिमवर काही येत नाही," तो शेवटी म्हणाला. "तुमचं पोर मूर्ख नव्हतं, बेपर्वा नव्हतं. त्याला सांगितलं तसं ते अगदी बरोबर चाललं. चूक माझ्या घराची आहे. काढले ते माझ्या बायकोनं, ठेवला तो मी. खोरं सोडून जायला आम्ही तयार आहोत."

चुलता उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. कुतैबाचा बाप कितीतरी वेळ हातातली जपमाळ नुसती धरून होता.

"तीन दिवस मी एकच विचारत होतो," तो म्हणाला. "माझं पोर असं कसं गेलं? एवढं हुशार पोर, उघड्या डोळ्यांनी कड्यावरून कसं गेलं? आज कळलं." त्यानं जपमाळ खाली ठेवली. "तुम्हाला हाकलून मी काय करू? पण हे मी एकट्यानं ठरवायचं नाही. त्याच्या आईला विचारा."

असं कुणी कधी विचारलेलं नव्हतं. शेख चुळबुळला. पण पडद्याआडून आवाज आला, बारीक आणि कोरडा.

"त्यांनी घर सोडायचं नाही. मला नको ते. पण ती रास तिथं राहता कामा नये. ज्या हातांनी बाकीचे काढले त्याच हातांनी ती काढायची. आणि बाकीचे सगळे परत रचायचे."

घर सोड म्हणाली असती तर मुतलक तिथल्या तिथे हो म्हणाला असता. दगड म्हणजे काही पोर नव्हे, पण हायेल जिथं शेवटचा श्वास घेऊन गेला तिथली तेवढीच एक खूण होती. फिद्दानं ती एवढ्यासाठी राखली होती. हे तिच्यावतीनं मान्य करण्याचा त्याला काय अधिकार? तो पेल्याकडे बघत राहिला. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"काढते." पलीकडून फिद्दाचा आवाज आला. "बाई, मी काढते. पण माझे हात उठायचे नाहीत गं. तू बरोबर येशील? एक दगड मी उचलीन, एक तू उचल."

पडद्यापलीकडे कपड्यांची सळसळ झाली. कुणीतरी उठून कुणाच्या तरी जवळ जाऊन बसलं असावं.

"पी, अबू हायेल," कुतैबाचा बाप म्हणाला.

मुतलकनं पेला उचलला. पडद्याआड दोघी रडत होत्या, आणि त्यातली आपली कोणती हे त्याला ओळखू येईना.